शिवलेला खिसा

“खिसा काहून शिवला वं?” शर्टाच्या छातीवर हात चोळत हे दारातूनच ओरडले.

“फाटला होता जी.”

“कुठं फाटला होता! चांगला होता!”

होताच चांगला. म्हणून तर बारीक टाके घालून वरून बंद केला. इतकी वर्षं त्या खिशात तंबाखू-सुपारी घोटलेल्या खर्र्याची पुडी राहिली. हात आपोआप तिथंच जायचा, बिचाऱ्या हाताचा काय दोष!

आमचे हे, म्हणजे प्रेमानंद, बस स्टँडवर गाड्या पुकारायचे. ‘रामटेकला जाणारी गाडी फलाटावर लागली आहे’ हा खणखणीत आवाज ऐकूनच मी लग्नाला हो म्हटलं, खोटं कशाला बोलू? पण खर्र्यानं तोंड आखडलं. जिथं तीन बोटं उभी जायला हवीत, तिथं दीडही जाईना. एकदा यांनी कळमेश्वर पुकारलं आणि एक म्हातारी भलत्याच गाडीत जाऊन बसली. साहेब म्हणाले, “प्रेमानंद, असंच राहिलं तर माईक दुसऱ्याले द्यावा लागन.” त्या दिवशी हे जेवले नाहीत.

शपथा काय कमी झाल्या होत्या? आईची झाली, माझी झाली, पंचशील म्हणतानाही झाली. आमच्या घरात शपथ आणि खर्रा एकाच तोंडानं खाल्ले जायचे.

शेवटी दातांची डॉक्टर दीप्ती म्हणाली, “काकू, काकांच्या निश्चयाच्या भरवशावर राहू नका. जुन्या सवयीच्या जागी नवी बसवा.” पोरीनं माझे डोळेच उघडले. घरी आले आणि सुई-दोरा घेतला. पॅंटच्या खिशात बडीशेप दिली. तोंडाचा व्यायाम गाड्यांना बांधला. एक गाडी सुटली की एकदा तोंड उघडायचं, होईल तेवढं.

शेजारच्या खुर्चीवरचा नागसेन चिडवायचा, “काय गा, गाडी गिळून राहिला काय?” पण चहाला मात्र तोच यांना मागच्या दारानं न्यायचा, पानठेला दिसू नये म्हणून. त्याचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही.

मध्ये हे घसरलेही. मी भांडले नाही. दुसऱ्या शर्टाचाही खिसा शिवला.

माईक यांच्याकडेच राहिला. तीन बोटं मात्र पुन्हा कधी गेली नाहीत. दोन जातात. दीप्ती म्हणते, गेलं ते येत नाही, आहे ते राखलं हेच खूप.

परवा हे निवृत्त झाले. शेवटची गाडी यांनीच पुकारली, शब्द न् शब्द स्वच्छ. मी फलाटावर उभी राहून रडले, लाजले नाही. मग साहेबांनी भला मोठा पेढा उचलला. “करा आ!” सगळे टाळ्या वाजवायला तयार.

यांनी साहेबांचा हात हळूच धरला, पेढा घेतला आणि मोडला. अर्धा आपल्या तोंडात ठेवला. उरलेला सगळ्यांसमोर माझ्या ओठांशी धरला. एवढ्या संसारात चारचौघांत कधी माझा हातसुद्धा धरला नव्हता या माणसानं.

“घे वं शामले,” हे म्हणाले, “अख्खा मले जात नाही.”

मी तोंड उघडलं.