डोक्याला लागलं तर बाद नाही

डेपोत सगळे त्यांना मिनिटे म्हणत. हे आडनाव नव्हे. बावीस वर्षांत त्यांची बस कधी मिनिटभरही उशिरा सुटली नव्हती, म्हणून पडलेलं नाव. असा माणूस सुट्टीच्या दिवशी अर्धी चड्डी घालून डेपोच्या आवारात लाथा झाडायला आला, याचं कारण एकच. नाही म्हटलं असतं तर लोकांनी ‘का’ विचारलं असतं, आणि चार महिने मिनिट्यांना त्या ‘का’चीच धास्ती होती. त्यांच्या डाव्या डोळ्याला काही दिसत नव्हतं. कळलं की स्टिअरिंग गेलंच. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं म्हणत ते दिवस ढकलत होते.

खेळ सोपा. बेसबॉलच, फक्त बॅटीऐवजी पाय. समोरचा मोठा रबरी चेंडू घरंगळत सोडणार, आपण तो लाथाडायचा आणि कोपऱ्यांतल्या तीन टायरांना शिवून परत आपल्या रेषेवर यायचं, की एक धाव. वाटेत चेंडू फेकून मारला तर बाद. डोक्यावर नेम धरायला मात्र बंदी, म्हणून डोक्याला लागलं तर बाद नाही.

ड्रायव्हर विरुद्ध वर्कशॉप. शेवटचा डाव, बरोबरी. चेंडू सोडायला वर्कशॉपचा मेकॅनिक, म्हणजे मिनिट्यांचा सख्खा मेहुणा.

“काय दाजी, लाथ माराल तिथं पाणी काढणार ना?”

“तू चेंडू सोड, पाण्याचं मी बघतो.”

मिनिट्यांनी मान वळवून उजवा डोळा पुढे केला, कान टवकारले आणि अंदाजानेच पाय हाणला. चेंडू पार डिझेलच्या पंपापर्यंत गेला. ते तिसऱ्या टायरापर्यंत धावले आणि पुढच्या लाथेची वाट बघत तिथेच थांबले.

पुढच्या ड्रायव्हरची लाथ निसटती बसली. चेंडू थेट मेहुण्याच्या हातात.

“पळा, मिनिटे, पळा!”

ते पळाले. सगळं मैदान त्यांच्या डावीकडे होतं, म्हणजे त्यांच्यापुरतं नव्हतंच. आता येईल, आता बसेल, एवढंच डोक्यात. कानशिलावर फाडकन बसला आणि ते कोलमडत रेषेपलीकडे पडले.

“डोक्याला लागलाय! बाद नाही! धाव!” पंच झालेला स्टोअरकीपर ओरडला. ड्रायव्हर नाचायला लागले.

मेहुणा भांडायला आला नाही. त्याने मिनिट्यांना उठवून नळापाशी नेलं.

“हात निसटला माझा, दाजी. पण तुम्ही मान वळवली नाहीत. पापणीसुद्धा लवली नाही.” मग त्याने त्यांच्या डाव्या बाजूला हात धरला. “किती बोटं?”

मिनिटे मान वळवायला लागले.

“कधीपासून?”

“चार महिने झाले.”

मेहुण्याचा चेहरा उतरला. “माझी पोर रोज तुमच्याच बसने शाळेत जाते.”

“तिची काळजी नको रे. तिला मी रोज उजवीकडेच बसवतो.”

धीर द्यायला म्हणून बोलून गेले, आणि मग स्वतःचेच शब्द त्यांच्या कानांवर पडले. डावीकडे कोण बसतं ते मिनिट्यांना पाठ होतं. पहिल्या सीटवर काठीवाले आजोबा, मागे नर्सबाई, तिच्यामागे जुळ्या बहिणी. चार महिने, रोज.

तिकडे मॅनेजर हसत हसत सरबत वाटत होते. मिनिटे ओल्या तोंडाने त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले.

“साहेब, उद्या माझ्या गाडीवर दुसरा ड्रायव्हर द्या. माझा डावा डोळा गेलाय.”