सेवेचा रकाना

वीप्केने मोबाईल टेबलाच्या मधोमध, कॉफीच्या थर्मासला टेकवून उभा केला आणि त्याचा आवाज पूर्ण वाढवला. ॲकॉर्डियनची एक धून खोलीभर पसरली. दोन ओळी वाजून झाल्या की एक बाई गोड आवाजात म्हणे, "आपला फोन आमच्यासाठी मोलाचा आहे," आणि धून पुन्हा पहिल्यापासून.

सीत्सेने कागदांतून मान वर केली.

"हे काय आता?"

"फेनलिख्टची ग्राहकसेवा. घरून निघतानाच लावलाय. सायकलवर अख्खा रस्ता खिशात वाजत होता."

"बंद कर. मीटिंग आहे आपली."

"मग चालू दे की. माझी कुठे ना आहे?"

डोरीनने मनुकांच्या पावाचा तुकडा पाडला, त्यावर लोणी लावलं आणि दोघांपैकी कुणाकडेच पाहिलं नाही. डोरीन संघटनेचे पैसे सांभाळायची, सीत्से संचालक होता. वीप्के कंपन्यांना पाचपैकी तारे द्यायची. दर वर्षी थंडी पडायच्या आत नेदरलँड्समधल्या झ्वोल शहरातली ही छोटी ग्राहक संघटना घरगुती वीज आणि गॅस विकणाऱ्या कंपन्यांची तुलना छापत असे. दर किती, करारात कुठे खोच आहे, आणि अडलं तर बोलायला माणूस मिळतो का, हे तीन रकाने. ते वीप्केनेच आखले होते, त्यासाठी कंपन्यांच्या वकिलांशी भांडलीही होती. सभासद मासिक हातात आलं की सगळ्यांत आधी तेच पान उघडत.

यंदा मात्र गणित वेगळं होतं. संघटना हजारो सभासदांच्या वतीने एकगठ्ठा सौदा करणार होती. फेनलिख्ट ह्या वीज कंपनीचा दर सगळ्यांत कमी आला होता आणि येणाऱ्या प्रत्येक घरामागे ती संघटनेला मोबदला द्यायला तयार होती. पण संघटनेचाच नियम होता, चार ताऱ्यांच्या खालच्या कंपनीशी सौदा नाही. फेनलिख्टला वीप्केने दोन दिले होते.

"सेवेचा रकाना यंदा वगळू," सीत्से म्हणाला. "मग फेनलिख्टचे चार तारे होतात. दर आकड्यात मांडता येतो. सेवा कशी मोजणार? एकाला बरी वाटते, दुसऱ्याला नाही."

"आपला फोन आमच्यासाठी मोलाचा आहे," फोनमधली बाई म्हणाली.

"ही अशी मोजायची," वीप्के म्हणाली.

डोरीनने सुरी खाली ठेवली. "तुझं सोपं आहे, वीप्के. सभासद घटतायत, छपाई महागलीये. हा सौदा हुकला तर नवीन वर्षात कुणाला तरी घरी बसवावं लागेल मला. कुणाला, ते तूच सांगून टाक."

वीप्केने टेबलावर पडलेले पावाचे कण बोटाने एका ओळीत लावले.

"मेपेलचे ते आजोबा आठवतात?" ती म्हणाली. "फेनलिख्टच्या चुकीने ज्यांचा हप्ता दुप्पट झाला होता ते. सांगायला फोन करत राहिले, कुणी उचलेना. शेवटी हीटर बंद करून अख्खा फेब्रुवारी ओव्हरकोट घालून स्वयंपाकघरात बसून काढला त्यांनी. त्यांचा दर अगदी उत्तम होता हं. फार स्वस्तात गारठला म्हातारा."

"एका माणसावरून धोरण ठरत नाही."

"अरे, म्हणूनच तर रकाना लागतो, सीत्से. नाहीतर प्रत्येक जण एकटाच माणूस असतो."

सीत्सेने चष्मा काढून डोळे चोळले. वाईट माणूस नव्हता तो. ह्या इमारतीचं भाडं थकलं होतं तेव्हा दारोदार फिरून त्याने वर्गणी आणली होती, हे तिला ठाऊक होतं. म्हणूनच तिचा संताप जास्त होता.

"रकाना जाणार," तो म्हणाला.

"मग माझं नावही जाऊ दे. आणि पानाच्या माथ्यावर ठळक अक्षरांत छाप, की ह्या कंपन्या फोन उचलतात का ते आम्ही बघितलेलं नाही."

"धमकी देतेस?"

"धमकी कानात देतात. मी छापायला सांगतेय."

"बरं. नाव काढू. ठरलं तर मग."

धून मध्येच तुटली.

"फेनलिख्ट, मी इलहाम बोलतेय. खूप वाट पाहावी लागली, माफ करा. काय मदत करू?"

आवाज तरुण होता आणि बसलेला. तिघंही फोनकडे बघत राहिले. शेवटी वीप्के पुढे वाकली.

"मी ग्राहक संघटनेतून बोलतेय. बरोबर आमचे संचालक आहेत, आमच्या पैशांचं बघतात त्या बाई आहेत, आणि फोन स्पीकरवर आहे. एक माहिती हवी होती. आमची बरीच घरं तुमच्याकडे यायच्या बेतात आहेत. हजारोंनी."

पलीकडे कीबोर्डची टकटक थांबली.

"कधीपासून?" इलहामने विचारलं. आनंदाची बातमी ऐकून कुणी असं विचारत नाही.

"नव्या वर्षापासून."

"आम्हाला कुणी काही बोललं नाही." मग तिने स्वतःला सावरलं. "म्हणजे, स्वागतच आहे. आम्ही आपल्या सेवेत..." वाक्य तिथेच राहिलं.

डोरीनने खुर्ची पुढे ओढली. "अगं बाळ, एक विचारू? तुझ्या घरी वीज कुणाची आहे?"

"ह्या फोनचं रेकॉर्डिंग होतं, मॅडम," इलहाम हळूच म्हणाली.

कुणी हसलं नाही. वीप्केने तिचे आभार मानले आणि फोन ठेवला. खाली कालव्यावरून एक बोट गेली, तिचा धडधडाट ऐकू येऊन विरला.

"यातून काहीच सिद्ध होत नाही," सीत्से म्हणाला.

"नसेल होत," डोरीन म्हणाली. तिने टोपण लावून पेन पर्समध्ये टाकलं. "पण सौद्याच्या करारावर माझी सही लागते ना? ती मी करणार नाही."

"आणि पगार? ते कुठून आणणार आहेस?"

"ते माझं मी बघते. ते काम माझं आहे. तारे देणं तिचं काम आहे, तिला करू दे."

सीत्सेने कागद एकावर एक रचले, आणि मासिक त्या महिन्यात तिन्ही रकाने घेऊन निघालं. फेनलिख्टपुढे दोन तारे होते.

पुढच्या आठवड्यात डोरीन वीप्केच्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. आत आली नाही.

"घरी कुणालाच बसवत नाहीये मी," ती म्हणाली. "पण आठवड्यातले कामाचे दिवस कापावे लागतायत. पगारही त्या हिशेबाने. तुझा एक जातोय. सीत्सेचा एक."

"तुझा?"

"दोन."

वीप्के तिच्याकडे बघत राहिली. इतक्या वर्षांत ह्या बाईशी तिचं कधी धड जमलं नव्हतं.

"माझा कुठला वार?" तिने विचारलं.

"शुक्रवार."

"शुक्रवारी चौकात हेरिंग मासळीची गाडी लागते," वीप्के म्हणाली. "तुझ्या दोनांतला एक शुक्रवारच घे. बरोबर जाऊ."