हलणाऱ्या डोंगराची कॅसेट

मित्रांनो, मी एक जुनी व्हिडिओ कॅसेट आहे. घोडे, बंदुका आणि धूळ असलेला एक इंग्रजी सिनेमा माझ्या फितीवर आहे. त्याचं नाव तुम्ही ऐकलेलं नसेल. तो काढणाऱ्यांकडे साधनं थोडी होती आणि घाई फार. त्यामुळे त्यातला डोंगर कापडावर रंगवलेला आहे. कुणी दार आपटलं की तो हलतो. एकदा मेलेला दरोडेखोर टोपी बदलून येतो आणि पुढच्या मारामारीत पुन्हा मरतो.

माझी उमेदीची वर्षं पुण्याच्या एका व्हिडिओ लायब्ररीत गेली. शनिवारी मला घरी न्यायला कॉलेजची मुलं नंबर लावायची. मग सीडी आल्या आणि मला कुणी विचारेना. लायब्ररी बंद झाली तेव्हा मनोहर नावाच्या विद्यार्थ्याने मला मागून घेतलं. पुढे तो इंजिनियर होऊन सिंगापूरला आला, आणि त्याच्या बॅगेतून मीही बुकित बातोक नावाच्या वस्तीतल्या फ्लॅटमध्ये आले.

इथली दमट हवा मला मानवली नाही. कपाटाच्या वरच्या कप्प्यात माझ्या फितीवर पांढरी बुरशी धरली. मनोहरची बायको उल्का दिवाळीच्या सफाईत मला हातात घेऊन विचारायची, "हे अजून ठेवायचं?"

"राहू दे गं," एवढंच मनोहर म्हणायचा.

२०१४ साली त्यांच्या मुलीने, गार्गीने, शाळेसाठी फोनवर भुताची एक छोटी फिल्म केली. ती सगळ्यांसमोर दाखवली तेव्हा भुताच्या चादरीखालून शाळेचे पांढरे बूट दिसले. अख्खा हॉल हसला. गार्गी घरी आली ती तोंड पाडूनच.

"डिलीट केली मी," ती म्हणाली. "परत कधीच नाही करणार, लाह!" हे 'लाह' इथली मुलं बोलताना वाक्याच्या शेवटी लावतात.

मग एका रविवारी मनोहरने मला खाली काढलं, कापसाने हळूहळू बुरशी पुसली आणि जुना व्हिडिओ प्लेअर टीव्हीला जोडला.

"थोडा वेळ बस माझ्याजवळ," तो गार्गीला म्हणाला.

ती नाइलाजाने बसली. थोड्याच वेळात ओरडली, "बाबा, डोंगर हलला!"

"थांब, आता तो मेलेला परत येईल."

गार्गी पोट धरधरून हसली. मला त्याचं वाईट वाटलं नाही. असं हसू मी खूप ऐकलं आहे. हसता हसता तिने विचारलं, "त्यांना कळलं नसेल का?"

"कळलं असेल. तरी त्यांनी सिनेमा पुरा केला."

मग शेवटचा प्रसंग आला. म्हातारा शेरीफ आपला एकुलता एक घोडा एका विधवेला देतो आणि वाळवंटात एकटा मागे राहतो. त्या नटाचा हात घोड्याच्या मानेवरून फिरत राहिला, आणि घोडा निघून गेल्यावरही हवेत तसाच राहिला. गार्गीचं हसू थांबलं.

"बाबा, तो डोंगर खोटा आहे ना?"

"हो."

"मग मला रडू का येतंय?"

मनोहरने शर्टाच्या बाहीने आपलेच डोळे पुसले.

"परत लावा ना," गार्गी म्हणाली. पण फीत मागे नेताना मी प्लेअरमध्ये अडकले. मनोहर घाबरून मला ओढू लागला.

"ओढू नका!" उल्का स्वयंपाकघरातून धावत आली. तिने बारीक बोटांनी मला सोडवलं, चुरगळलेला तुकडा कापला आणि दोन्ही टोकं चिकटपट्टीने जोडली. त्या जागी चित्र आता उडी मारतं, पण मी वाचले.

पुढच्या शनिवारी गार्गी मैत्रिणींना घेऊन नवी फिल्म काढायला बुकित बातोकच्या ग्रॅनाइटच्या कड्याकडे गेली. घोडे नव्हते, म्हणून सायकली नेल्या. ती फिल्म घरच्या टीव्हीवर लागली तेव्हा मी खालच्या फळीवर होते. एक तहानलेली मुलगी पाण्याकडे सरपटत होती, आणि तिच्या मागून गुलाबी छत्री घेतलेली एक आंटी निवांत चालत गेली. गार्गीने दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"सॉरी आई, ती आंटी मध्येच..."

"गप्प बस गं," टीव्हीवरून नजर न काढता उल्का म्हणाली. "ती मुलगी पाण्यापर्यंत पोचते की नाही?"

मित्रांनो, आम्हा जुन्या कॅसेटींना कोरड्या जागी ठेवा, अधूनमधून पुसा. आणि कुणाचं काम बघताना हसू आलं तर खुशाल हसा. पण ते शेवटपर्यंत बघा.