गोजाबाईचा पगार

अजीजची आई खातूनबी अर्धांगवायूनं अंथरुणाला खिळली, तेव्हापासून तिचं सगळं शेजारच्या गोजाबाईनं अंगावर घेतलं होतं. कूस बदलणं, अंग पुसणं, दोन घास भरवणं. अजीज पिंपरीच्या एका कारखान्यात फिटर. कासारवाडीत चौघांत एक खोली, सुटीला चाकणला घरी. बायको पहिल्याच बाळंतपणात गेलेली. गोजाबाई होती म्हणून त्याची नोकरी टिकली होती.

एक दिवस कारखान्यात साहेबांनी सांगितलं, घरच्या आजाऱ्याची सेवा करायला बाई ठेवलीत, तर तिचा पगार कंपनी भरून देईल. अजीजला आभाळ ठेंगणं झालं. शहाण्यानं आधी पुरती चौकशी तरी करावी! पण हा सुटीला तडक गोजाबाईच्या ओसरीवर गेला आणि चार माणसांदेखत म्हणाला, "मावशी, आता तुमाला म्हैन्याला पगार मिळंल."

गोजाबाईचा नवरा बबनराव ताडकन उठला.

"आमची बायको तुज्या घरी मोलानं गू-मूत काढती व्हय रं?"

"तसं न्हाई, काका. कंपनी देनार हाय..."

"शेजारी म्हनून करत हुती ती. आता गाव मोलकरीण म्हननार. उद्यापासनं तुमचा उंबरा बंद."

गोजाबाई उठून आत गेली. अजीजनं बबनरावाचे पाय धरले, पैशाचं नाव काढणार नाही म्हणाला. पण चारचौघांत निघालेला शब्द परत कसा घेणार?

दुसऱ्या दिवशी त्यानं साहेबांना गाठलं. दुसरी बाई ठेवतो, पगार द्या म्हणाला.

"आई राहते कुठं?"

"चाकणला."

"मग नाही बसत. योजना फक्त शहराच्या हद्दीतल्या घरांना आहे. आईला इकडे आणा."

चौघांच्या खोलीत म्हातारीला कुठं निजवणार? अजीज बिनपगारी रजा टाकून घरी आला. आपल्याच तोंडानं आपण आईचा आधार तोडला, या विचारानं त्याचा जीव जळत होता.

त्यानं आईला पुसायला पाणी तापवलं. लुगड्याला हात लावताच खातूनबीनं चालत्या हातानं त्याचा हात झटकला आणि भिंतीकडे तोंड करून रडू लागली. पोटच्या मुलानं ते करावं, याची तिला लाज वाटत होती. शेवटी त्यानं डोळे मिटून, चाचपत सगळं उरकलं.

संध्याकाळी त्यानं पाण्याचा पेला तिच्या ओठाला लावला. तिनं ओठ घट्ट मिटले.

"पी की गं, अम्मा. सकाळधरनं घोट घेतला न्हाईस."

"नगं," ती म्हणाली. "प्याले की तुलाच धुवावं लागतं."