गुटगुटीत बाळाची गूळतुला

मी जाडी आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणाला हळूच सांगायची तसदी नको. आमच्या मेडशीत हळू सांगायची पद्धत नाहीच म्हणा. स्टँडवर एसटीची वाट पाहत उभी राहिले तरी कुणी ना कुणी मोठ्याने विचारतंच, "हे हरीओमची पोट्टी काय? कोन्त्या चक्कीचं पीठ खाते बापा?" हरीओम म्हणजे माझे पप्पा. आणि शाळेत तर माझं समीक्षा हे नाव फक्त हजेरीपुरतं उरलंय. बाकी सगळ्यांसाठी मी ढेप. गुळाची ढेप.

हे नाव मला पोरांनी नाही दिलं. ते माझ्या घरानेच मिळवून दिलं, तेही वाजतगाजत.

माझे आजोबा बबनराव, म्हणजे आमचे आबा, गावातल्या दुर्गादेवी मंडळाचे अध्यक्ष. नवरात्रात मंडळ गुटगुटीत बाळ स्पर्धा घेतं. नाव मोठं असलं तरी नियम एकच: वर्षाच्या आतलं सगळ्यात वजनदार बाळ जिंकणार. ते रांगतं का, हसतं का, हाक मारली तर वळून बघतं का, याच्याशी कुणाला घेणंदेणं नाही. बाबूलालशेठच्या दुकानातला पोती तोलायचा जुना काटा मांडवात आणून टांगतात. जिंकलेल्या बाळाला एका पारड्यात बसवायचं, दुसऱ्यात गूळ, आणि तेवढा गूळ त्या घराने प्रसाद म्हणून गावात वाटायचा. जिंकायचंही आपण आणि खर्चही आपणच करायचा, असली ही अजब स्पर्धा. पण तिच्यासाठी लोक वर्षभर लेकरं चारत बसतात.

माझ्या जन्माच्या वर्षी मी जिंकले. समोरच्या खोलीत माझा फोटो आहे: डोळ्यांत काजळ, गळ्यात हार, मांड्यांना वळ्या, आणि शेजारच्या पारड्यात गुळाच्या ढेपा. पाहुणा आला की आजी त्याला आधी फोटो दाखवायची, मग मला बोलवायची. मी मोठी होत गेले तसं तिने दुसरं काम बंद केलं. आता फक्त फोटो दाखवते.

फोटोमागची हकीकत ती अभिमानाने सांगते. आईचं दूध म्हणे पाणचट होतं. आई तेव्हा एकोणीस वर्षांची, माहेर लांब, तिला कोण विचारतो! आजीने अकोल्याहून पावडरचे डबे मागवले. बाटलीत पावडर, वर साखर, चौथ्या महिन्यापासून बिस्कीट कुस्करून. "तोंड फिरवे ना हे, तं मी गाल दाबून पाजो. थेंब ठेवू देत नव्हती," असं आजी सांगते तेव्हा तिच्या चेहऱ्यावर अजूनही बाळंतिणीच्या खोलीतून मुलगा झाल्याची बातमी आणणाऱ्या सुईणीचं तेज येतं.

यंदा आमच्या घरात शिवम आला. माझ्यानंतर बारा वर्षांनी. आई आता एकोणीस वर्षांची नव्हती. तिने पहिल्या दिवशीच सांगून टाकलं, बाटली घरात येणार नाही. सहा महिने अंगावरचं दूध, मग मऊ वरणभात, कुस्करलेलं केळं, आणि दूध चालूच. शिवम छान आहे. खडखडीत आहे. बसतो, सरकतो, माझे केस ओढतो. फक्त त्याच्या मांड्यांना वळ्या नाहीत, आणि आमच्या घरात त्यावरून सुतक पडल्यासारखं झालं.

नवरात्र जवळ आलं तशी आबांची बेचैनी वाढली. अध्यक्षाचा नातू, नऊ महिन्यांचा, आणि पारड्यात दुसऱ्याच्या घरचं लेकरू बसणार! एके दिवशी मी शाळेतून आले तर स्वयंपाकघरातून भांडणाचा आवाज येत होता. आजीच्या हातात बाटली होती, नवीकोरी. आईने ती हिसकावली आणि सगळं दूध मोरीत ओतलं.

"वैजयंते, लक्ष्मी ओतून राह्यली तू मोरीत!" आजी ओरडली.

"पावडर होती ते, आत्याबाई. लक्ष्मी नव्हती."

"लेकराले उपाशी मारशीन काय?"

"त्याचं पोट भरलं की तो तोंड फिरवते. उपाशी लेकरू असं करते काय?"

"मी दोन लेकरं वाढवले. मले शिकवू नोको. समीक्षा पाह्य, कशी बाळसेदार होती. साऱ्या गावानं पाह्यलं!"

आणि मग आई ते बोलली. मी दारातच उभी होते, दप्तर पाठीवर. तिचं बोट माझ्याकडे वळलं.

"तेच तं म्हणतो मी. तिच्याकडं पाहा. तिले अशीच पाजली ना तुमी? आता माह्या शिवमचंबी तसंच करू काय?"

आजीने माझ्याकडे पाहिलं, कोपऱ्यात जेवत बसलेल्या पप्पांनी पाहिलं, आईने पाहिलं आणि तिचं बोट खाली आलं. 'तसंच', म्हणे. शाळेतली पोरं ढेप म्हणतात तेव्हा मला राग येतो, पण रडू येत नाही. या शब्दाने आलं. पण ते मी तिथे बाहेर येऊ दिलं नाही. दप्तर टाकलं आणि गच्चीवर जाऊन वाळत घातलेल्या मुगाच्या शेंगांशेजारी बसून पोटभर रडले.

दुसऱ्या आठवड्यात अंगणवाडीत लसीकरण होतं. सरकारी दवाखान्यातल्या निता सिस्टर आल्या होत्या. आईला काहीही सांगायचं असलं तरी त्या पाठीवर हात फिरवून सांगतात, म्हणून आईचा त्यांच्यावर जीव. शिवमला टोचून झाल्यावर आई त्याला शांत करत बाहेर गेली आणि मी सरळ विचारलं, "सिस्टर, मी अशी बाटलीमुळं झाले काय?"

त्या थोड्या गडबडल्या. मग खुर्ची ओढून त्यांनी मला समोर बसवलं.

"हे पाह्य. अंगावर पेणारं लेकरू पोट भरलं की सोडून देते. आपल्याले दिसतच नाही किती पेलं ते, म्हणून आपण त्याच्या मागं लागत नाही. बाटलीत मात्र उरलेलं दिसते. मंग संपव, संपव. लेकराले पोट भरल्याचं कळते, पण आपण ऐकत नाही. आन् वरून साखर, लौकर बिस्कीट. अशा लेकरांचं वजन पुढं वाढायचा धोका जास्त असते."

"म्हणजे बाटलीमुळंच."

"धोका म्हटलं मी, पोरी. बाटलीवरचे कितीतरी पोट्टे काटकुळे हायेत, अन् अंगावर पेलेले जाडे हायेत. घराणं असते, खाणं असते, खेळणं असते. तुह्या आबाचं पोट पाह्यलं ना? ते कोन्त्या बाटलीनं आलं? तुह्यापुरतं नक्की कारण मी सांगू शकत नाही. कोणीच नाही."

मला नक्की उत्तर हवं होतं. आजीचा गुन्हा असता तर आजीवर चिडता आलं असतं, नशीब असतं तर देवीवर. सिस्टरांनी माझा राग बेवारस करून सोडला. परत येताना वाटेत आई म्हणाली, "त्या दिवशी मी तुले नव्हतं म्हटलं." मी म्हटलं, "मलेच म्हटलं." मग घर येईपर्यंत मी तिच्या दोन पावलं पुढे चालले.

स्पर्धा अष्टमीला, भर दुपारी. मांडवात बायका लेकरं नटवून बसल्या होत्या. आईने आदल्या दिवशीच आबांना सांगितलं होतं की शिवमला नाव द्यायचं नाही. आबांनी मान हलवली होती. आबांनी मान हलवली म्हणजे त्यांनी ऐकलं, मानलं नव्हे, हे तिला इतक्या वर्षांनी तरी कळायला हवं होतं.

त्या दुपारी आई अंघोळीला गेली आणि आजी शिवमला उचलून मांडवात. मी मागोमाग धावले. पडद्यामागे आजी त्याला मांडीवर आडवा घेऊन बाटली पाजत होती. का, ते मला लगेच कळलं. सोयाबीन ओलं विकलं की वजन भरतं, हे आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक असतं. व्यापारी ओलावा कापतो, पण लेकराचा ओलावा कोण कापणार? म्हणून तोलायच्या आधी पोटात भरेल तेवढं भरायचं. शिवमने तोंड फिरवलं. आजीने गाल दाबले. त्याने परत फिरवलं, दूध गळ्यावर ओघळलं, आणि तिने परत दाबले. तिच्या डोळ्यांत दुष्टपणा अजिबात नव्हता, माया होती. तेच बघून माझं डोकं फिरलं. मलाही असंच मायेने दाबलं असणार.

"आजी, सोड त्याले."

"चूप बस. नंबर आला आपला."

बाहेर आबांचा आवाज भोंग्यातून घुमला, "आन् आता आपला शिवम हरीओम!" टाळ्या वाजल्या. आजी उठली. मला दुसरं काही सुचलं नाही. मी तिच्या पुढे धावले, मांडवाच्या मधोमध गेले आणि पारड्यात जाऊन बसले. मांडी घालून. पारडं धाडकन खाली गेलं आणि दुसरं पारडं हवेत लटकलं.

आधी कुणाला कळेना. मग मागून एक पोरगा ओरडला, "ढेप! ढेप बसली रे!" आणि सगळा मांडव हसला. बायका तोंडाला पदर लावून, माणसं उघड.

"समीक्षा, उतर," आबा म्हणाले. माईक त्यांच्या हातात होता, त्यामुळे तेही गावाने ऐकलं.

"टाका गूळ," मी म्हटलं.

"काय लावलं हे? उतर म्हणतो ना!"

मी हात लांब करून माईक ओढला. आबांनी सोडला. इतकं धाडस आमच्या घरात कुणी केलेलं नसल्याने त्यांना धरून ठेवायचंही सुचलं नसावं.

"याच पारड्यात मले बसवलं होतं तुमी," मी म्हटलं. "तवा टाळ्या वाजवल्या. साऱ्याइनं गूळ खाल्ला. मी तेच लेकरू हाय. तवा गुटगुटीत होती, मंग आता ढेप कशी झाली? कोणी केली? टाका गूळ. शेठ, टाका ना!"

बाबूलालशेठनी गोंधळून एक ढेप टाकली. मग दुसरी. एका बाळापुरता आणलेला गूळ सगळा संपला, तरी मी जमिनीलाच. आता कुणी हसत नव्हतं.

"घराची इज्जत काढून राह्यली पोट्टी," आबा दबक्या आवाजात म्हणाले.

"माह्या वजनानं तवा इज्जत वाढली होती ना आबा? मंग आता कमी कशी झाली?"

आबांनी खांद्यावरचा रुमाल काढला, घडी घातली, उगाचच परत उलगडला. रांगेतली एक बाई आपल्या लेकराच्या तोंडातली बाटली काढून पिशवीत ठेवताना मला दिसली. बाकीच्या जागेवरच होत्या. एका पोरीच्या बसण्याने गाव सुधारत नाही, माहीत आहे मला.

तेवढ्यात आई आली. ओले केस, पदर कसातरी खोचलेला. तिने सरळ जाऊन आजीच्या कडेवरून शिवमला घेतलं. आजीने बाटली मागे लपवली. आईने एक नजर टाकली, पण भांडली नाही. तिला आधी माझ्याकडे यायचं होतं. तिला वाटलं असणार, आता पोरगी आपल्या गळ्यात पडेल.

मी पडले नाही. माझं तिच्याशीही भांडण होतं, आणि ते तिने गावासमोर नाही पण घरच्यांसमोर केलं होतं.

"आई, तूबी ऐक," मी म्हटलं. माईक चालूच होता. "शिवमले बाटली नोको तं नोको म्हण. मी तुह्या बाजूनं हाय, जिंदगीभर. पण तो माह्यासारखा होईन म्हणून नोको, असं नाही म्हणायचं. मले दाखवून कोणाले भेव घालायचा नाही. मी काही बिमारी नाही."

भोंग्यातून ते वाक्य स्टँडपर्यंत गेलं असणार. आईचा चेहरा उतरला, मग लाल झाला, मग डोळे भरले. शिवम तिच्या ब्लाउजशी झटापट करत होता. आजीने कितीही कोंबलं तरी त्याला जवळ घ्यायला त्याची आई हवी होती.

"नाही म्हणणार," ती म्हणाली. "कधीच नाही म्हणणार. चुकलं माह्यं."

सासऱ्यासमोर, गावासमोर, लेकीला. आमच्या मांडवात असं याआधी कुणी कुणाला म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं.

मग तिने चप्पल काढली, पदर सावरला आणि पारड्यात येऊन माझ्याशेजारी बसली. जागा थोडी होती. मी सरकले, तरी आम्ही एकमेकींना खेटूनच बसलो. शिवमला तिने मांडीवर घेतलं, वरून पदर ओढला, आणि तो प्यायला लागला. थोडं प्यायला, सोडून दिलं, पदराबाहेर डोकं काढून लोकांकडे बघत बसला. कुणी त्याचे गाल दाबले नाहीत.

बाबूलालशेठ आबांकडे बघत होते आणि आबा गुळाच्या पारड्याकडे.

"अध्यक्षसाहेब," आईने आबांना पहिल्यांदाच असं म्हटलं, "तोला आता तिघाइले."