डब्यावर लिहिलं होतं ‘टाक’

मी एक जुना टाक आहे. मित्रांनो, हसण्याआधी माझं नाव नीट ऐकून घ्या. टाक म्हणजे फेकून दे, असं नव्हे. देवघरात खंडोबाचे, भवानीचे चांदीचे टाक असतात, त्यांतलाही मी नव्हे. मी लिहायचा टाक. लाकडी दांडा, पुढे पोलादी निब, आणि पोटात शाईचा थेंब नाही. दर दोन शब्दांनी मला दौतीत बुडवावं लागतं. या नावापायी मी दोनदा फेकला गेलो, तरी अजून आहे. शाळेच्या निबंधांत आमच्यातले बाकीचे आपली कहाणी सांगून शेवटी हात जोडतात. मी जोडणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

माझा दांडा कुणी कातला, ठाऊक नाही. मला आठवतं ते पिंपरीतल्या एका कारखान्याचं ड्रॉइंग ऑफिस. तिथे जयसिंग ड्राफ्ट्समन होते. यंत्रांचे नकाशे आखायला त्यांच्याकडे दुसरी पेनं होती, पण अक्षरांसाठी ते मलाच उचलायचे. खाली मशीनवरचे कामगार म्हणायचे, “जयसिंगरावांचं अक्षर म्हणजे छापील काम, राव.” मी फुशारून जायचो. का जाऊ नये? मग कॉम्प्युटर आले आणि जुनं सामान काढायचा हुकूम सुटला. जयसिंगांनी मला शर्टाच्या खिशात घातलं आणि चिखलीला घरी आणलं. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात मला ठेवलं, सोबत तेलकट कागदात गुंडाळलेली एक कोरी निब ठेवली. झाकणावर कागद चिकटवून त्यावर माझ्याच निबने सुरेख अक्षरात एकच शब्द लिहिला: टाक.

पुढची वीस-बावीस वर्षं मी कपाटावर होतो. धूळ खाल्ली, पण गंजलो नाही. गंजायचं नाही असं मी ठरवलंच होतं.

जयसिंगांची नात आम्रपाली चाकणच्या एका कंपनीत तपासणीला आहे. दिवसभर सुटे भाग मोजायचे आणि मापात न बसलेला भाग लाल डब्यात टाकायचा, हे तिचं काम. गेल्या वर्षी तिला शाईने चित्रं काढायचा नाद लागला. नाद लागला की आधी दुकान गाठायचं, ही माणसांची रीतच आहे. तिने जेल पेन आणलं. वरून रंगाचा ओला ब्रश फिरला तशी त्याची रेघ पसरली. मग बारीक टोकाच्या पेनांचा संच आला. त्यांची रेघ स्वच्छ, पण पहिल्यापासून शेवटपर्यंत एकाच जाडीची, कवायतीला उभी केल्यासारखी. मग तिने फाउंटन पेन आणलं आणि त्यात पाण्याने न जाणारी ड्रॉइंगची शाई भरली. आठवड्याभरात शाई आत वाळली आणि पेनाचा घसा कायमचा बसला. बिचारं चांगल्या घरचं होतं. प्रत्येक चित्राला “रिजेक्ट” म्हणून ती फाडून टाकायची.

जयसिंग हे सगळं बघत होते. त्यांचा उजवा हात अलीकडे थरथरायला लागला होता. एक दिवस ते म्हणाले, “आमू, पेनं गोळा करणं बास कर. पाडव्याला तुला माझा टाक देतो. हात थोडाफार ऐकतोय तोवर शिकवून ठेवतो.” कपाटावर माझा ऊर भरून आला. बावीस वर्षांनी मला काम मिळणार होतं.

पण पाडव्याच्या आधी साफसफाई येते. आम्रपालीची आई जयमालाबाई स्टुलावर चढल्या, डबा खाली घेतला आणि झाकण वाचलं. सासऱ्यांच्या शिस्तीचं त्यांना कौतुकच वाटलं. “अण्णांनी स्वतः लिहून ठेवलंय, टाक म्हणून,” असं म्हणत त्यांनी डबा भंगारात दिला. उघडूनसुद्धा पाहिला नाही.

पाडव्याला सकाळी घरी काय झालं, ते मला मागाहून कळलं. आम्रपालीने विचारलं, “आई, आजोबांचा टाक कुठंय?”

“देवघरात. पाच आहेत, मोजून घे.”

“ते नाही गं. लिहायचा टाक. पत्र्याच्या डब्यातला.”

जयमालाबाईंच्या हातातलं भांडं हातातच राहिलं. त्यांनी झाला प्रकार सांगितला. जयसिंग ताटावरून उठले. ते रागावले असते तर बरं झालं असतं.

आम्रपालीने चपला घातल्या आणि चिखलीतलंच एहसानभाईंचं भंगाराचं दुकान गाठलं.

“डबा आहे ना ताई, पत्र्याचा म्हणून ठेवलाय,” एहसानभाई म्हणाले. “आतली काडी? झाकणावर लिहिलंय ना, टाक. मग मी पण टाकली.”

“कुठं टाकली?”

“तिकडं, मोडक्या लाकडांत.”

दोघांनी तासभर ढीग उपसला. मला हाक मारता येत नाही. पण एहसानभाईंचा हात जवळ आला तसा मी त्यांच्या अंगठ्यात घुसलो. हो, मुद्दाम. माझी जुनी निब त्यात वाकली, त्याचं मला दुःख नाही.

“हा घ्या तुमचा टाक,” अंगठा चोखत ते म्हणाले. “चावतो राव.”

डब्यासकट घरी आल्यावर जयसिंगांनी मला हातात घेतलं आणि बराच वेळ सोडलं नाही. मग डब्याच्या तळाशी चिकटलेली कोरी निब काढून माझ्या दांड्यात बसवली.

“जयमाला, एक बटाटा दे.”

“अण्णा, भाजी झालीये आज.”

“भाजीला नाही. निबला.”

कोऱ्या निबवर तेलाचा थर असतो, त्याने शाई टिकत नाही. ती कच्च्या बटाट्यात क्षणभर खुपसून पुसली की तेल जातं. मग त्यांनी थरथरता हात नातीच्या हातावर ठेवला. “निबवरच्या भोकापर्यंतच बुडव. निब पुढं ढकलायची नाही, आपल्याकडं ओढायची. दाबलं की जाड, सोडलं की बारीक. सावली हवी तर रेघांवर आडव्या रेघा.”

समोर बटाटा होता, तोच ती काढू लागली. रेघ सुटली, फुगली, बारीक झाली. अशी रेघ माझ्याशिवाय निघत नाही, हे मी खाली मान घालून मुळीच सांगणार नाही. तेवढ्यात टपकन डाग पडला. “रिजेक्ट,” म्हणत तिने कागद फाडायला घेतला.

जयसिंगांनी तिचं मनगट धरलं. “तुझ्या कंपनीत सगळं एकसारखं लागतं. इथं नाही. त्या डागाचा बटाट्याला डोळा कर.”

तिने डोळा केला. तो कागद फाटला नाही.

जयमालाबाई ओशाळ्या चेहऱ्याने झाकण घेऊन आल्या. “हा कागद बदला आधी. सरळ ‘पेन’ लिहा.”

“शब्द बरोबर आहे,” जयसिंग म्हणाले. “बदलायचा नाही.”

जयमालाबाईंनी क्षणभर विचार केला. मग त्या आम्रपालीच्या कानात काहीतरी बोलल्या. तिने हसून मला दौतीत बुडवलं.

मित्रांनो, काम झालं की माझी निब पुसून ठेवायची. ही विनवणी नाही, नियम आहे. डबा आजही त्याच कपाटावर असतो. झाकणावर जयसिंगांच्या सरळ अक्षरात लिहिलंय, टाक. आणि त्याखाली आम्रपालीच्या जाड-बारीक, थोड्या वाकड्या अक्षरात, टाकून बघ.