मदीहाचा पहिला खर्डा

मित्रांनो, माझ्या झाकणावर भिवंडीजवळच्या दापोड्याच्या एका ट्रान्सपोर्ट कंपनीचा स्टिकर अजून चिकटलेला आहे. कुणीतरी तो नखानं खरवडला. अर्धा निघाला, अर्धा राहिला. त्या कंपनीशी आता माझा काही संबंध नाही. मी एक जुना लॅपटॉप आहे. माझी एक बिजागरी मोडलेली आहे, काही बटणं दोनदा दाबावी लागतात, आणि चार्जरची पिन निघाली की मी लगेच डोळे मिटतो. तरी मी चालतो. आज सांगतो आहे ती गोष्ट थोडी माझी आणि बरीचशी मदीहाची आहे.

माझा जन्म दूरदेशीच्या एका कारखान्यात झाला, पण तिथलं मला काही आठवत नाही. आठवतं ते दापोड्याचं ऑफिस. बाहेर गोदामांची रांग, ट्रकांची ये-जा आणि माझ्या पडद्यावर दिवसभर गाड्यांचे नंबर. दिनेश नावाचा क्लार्क माझ्यावर काम करायचा. "हा गडी कधी दगा देत न्हाय," असं तो चहा पिता पिता सगळ्यांना सांगायचा आणि त्याच चहाचे थेंब माझ्यावर सांडायचा. मग नवे, पातळ लॅपटॉप आले आणि मी कपाटात, ताडपत्रीच्या घडीवर जाऊन पडलो. तिथं मला कुणी विचारलं नाही.

शादाब त्याच कंपनीत लोडिंगवर देखरेख करायचा. ऑफिसनं जुनं सामान काढलं, तेव्हा त्यानं साहेबांना विचारून मला उचललं आणि निजामपुऱ्यातल्या आपल्या घरी नेलं, धाकट्या बहिणीसाठी.

मदीहा राहनाळच्या एका गोदामात ड्युटी करायची. लोकांनी ऑनलाइन मागवलेला आणि नापसंत म्हणून परत पाठवलेला माल उघडून तपासायचा, हे तिचं काम. पण तिच्या मनात सिनेमा होता. सुट्टीच्या दिवशी सकाळी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी ती मला मांडीवर घेऊन बसायची आणि लिहायची. गाड्यांचे नंबर सोडून दुसरं काही आपल्यावर लिहिता येतं, हे मला तेव्हा कळलं.

ती आपल्या अब्बांवर लिहीत होती. गुलाम हुसेन यांचा घरामागच्या शेडमध्ये कापड विणणाऱ्या लूमचा छोटा कारखाना होता. जन्मभर त्या खटखटीत राहून त्यांचे कान गेले. पुढे धंदा बसला आणि लूम भंगारात गेले. सगळी गल्ली शांत झाली, पण अब्बांच्या कानात लूम चालूच राहिले. ते सकाळी उठून रिकाम्या शेडच्या दाराशी उभे राहायचे. कधी कधी त्यांचा हात तुटलेला धागा जोडायला आपोआप पुढं जायचा, आणि समोर काहीच नाही हे ध्यानात आल्यावर ते तो हात पांढऱ्या दाढीवरून फिरवायचे.

मदीहानं हे सगळं लिहिलं. लूम गेले त्या दिवसाचा प्रसंग तर तिनं एका बैठकीत लिहिला. लिहिताना ती रडत होती. माझ्या बटणांना ते कळत होतं. पहिला खर्डा पुरा झाला, तेव्हा तिनं तो आपल्या अम्मीला, खदीजाबींना वाचून दाखवला. त्या भाजी निवडत होत्या. ऐकता ऐकता त्यांचे हात थांबले.

"ह्यांच्या कानातला आवाज तुला कवा ऐकू आला गं?" त्यांनी विचारलं.

मित्रांनो, मला वाटतं तिला मिळालेली खरी दाद तेवढीच. पण अम्मीची दाद घेऊन सिनेमा निघत नाही. मदीहाच्या ओळखीचं मुंबईत कुणी नव्हतं. मग तिला एक वेबसाइट सापडली. तिचं नाव मी सांगत नाही. अशी नावं बदलत राहतात, धंदा तोच असतो. तुमची कथा पाठवा, शुल्क भरा, आमचे जाणकार ती वाचतील, अभिप्राय देतील आणि थेट निर्मात्यांपर्यंत पोचवतील, असं तिथं लिहिलं होतं. मदीहानं पगारातून सदस्यत्व घेतलं, शुल्क भरलं आणि पहिला खर्डा पाठवला.

उत्तर आलं. 'लेखनात प्रामाणिकपणा आहे. मात्र नायक वयस्कर असल्यानं प्रेक्षक जोडला जाणार नाही. तरुण पात्राचा विचार करावा.' मदीहाला पहिलंच वाक्य दिसलं. तिनं ते अम्मीला दोनदा वाचून दाखवलं. मग तिनं दुबईहून परतलेला एक पुतण्या घातला आणि पुन्हा शुल्क भरून कथा पाठवली. दुसऱ्या जाणकारानं प्रेमकथा मागितली, तिनं ती दिली. तिसरा म्हणाला, सुरुवातीला काहीतरी स्फोटक घडायला हवं. तिनं शेडला आग लावली. चौथ्यानं लिहिलं, 'आगीचा प्रसंग ओळखीचा वाटतो.'

प्रत्येक वेळी ती त्याच फाइलमध्ये जुनं खोडायची, नवं लिहायची आणि सेव्ह करायची. म्हातारा लूमवाला हळूहळू कडेला सरकत गेला. शेवटी तो पुतण्याच्या खोलीत, भिंतीवरच्या एका फोटोत उरला. अभिप्रायात मात्र दर वेळी एक गोड वाक्य असायचंच, आणि त्या वाक्याच्या आशेवर ती पुढचं शुल्क भरायची.

गोदामात तिच्या शेजारी काम करणाऱ्या मनिषानं तिला एकदा हटकलं होतं. मदीहानंच ते घरी येऊन अम्मीला सांगितलं. मनिषा म्हणाली होती, "अगं, नुसतं वाचायचे पैसे? आपण परत आलेलं पार्सल तरी फुकटात उघडून बघतो!" सांगताना मदीहा हसली होती. अम्मी हसल्या नाहीत.

मग एक दिवस वेबसाइटवर नवी संधी झळकली. आता निर्मात्याच्या माणसासमोर बसून, व्हिडिओवर, आपली कथा स्वतः सांगता येणार होती. त्याचं शुल्क मोठं होतं. घरात तेवढे पैसे होते, पण ते अब्बांच्या कानाच्या मशीनसाठी बाजूला टाकलेले. डॉक्टरांनी मशीन लावायला सांगितलं होतं आणि दोघं भावंडं त्यासाठी पैसे साठवत होती.

"अब्बांच्या कानाचे पैसे हायत ते, मदीहा," शादाब म्हणाला.

"माहीत आहे, भाईजान. म्हणून तर विचारतेय."

अब्बांना शब्द ऐकू आले नाहीत, पण दोघांचे चेहरे बघून त्यांनी काय चाललंय ते विचारलं. शादाबनं कानाशी ओरडून सांगितलं. ऐकून ते म्हणाले, "इतकी वर्षं न्हाय ऐकलं, अजून थोडं न्हाय ऐकलं तर काय बिघडतंय? तिचं काम आधी होऊन जाऊ दे."

ठरलेल्या रविवारी सकाळी मदीहा इस्त्री केलेला कुर्ता घालून माझ्यासमोर बसली. अम्मीनं कुकर लावायचा थांबवला. अब्बा कॅमेऱ्यात येणार नाहीत असे बाजूला, खुर्चीवर बसले. त्यांना मुलीचा चेहरा आणि माझा पडदा, दोन्ही दिसत होतं.

पडद्यावर देवेश नावाचा एक तरुण आला. तो चालत्या गाडीत मागं बसला होता. "हां, बोला, बोला. मी ऐकतोय," तो म्हणाला. मदीहा बोलू लागली. पुतण्या, प्रेम, आग. तो खाली बघत होता, हातातल्या दुसऱ्या फोनकडं. मध्येच त्यानं आपला आवाज बंद करून ड्रायव्हरला काहीतरी सांगितलं. मदीहा बोलतच राहिली.

"सॉरी, नेटवर्क गेलं होतं. एका ओळीत सांगता का?"

मदीहानं माझ्या पडद्यावरून नजर काढून अब्बांकडं पाहिलं. मग बोलली ते निराळंच होतं. "एक माणूस आहे. त्याचे लूम विकले गेलेत. सगळ्यांसाठी आवाज थांबलाय, त्याच्यासाठी नाही."

मित्रांनो, इतक्या महिन्यांत प्रथमच तिनं आपली कथा सांगितली.

"म्हणजे डॉक्युमेंटरी?" देवेशनं विचारलं.

"नाही, सिनेमा."

"ओके. भिवंडी जरा ड्राय आहे, यू नो. पण तुमची एनर्जी मस्त आहे. फीडबॅक येईलच."

"सर, त्यात पुढं..." मदीहा म्हणत होती, तेवढ्यात वेळ संपला आणि पडदा आपोआप बंद झाला. त्या काळ्या पडद्यात तिला स्वतःचा चेहरा दिसला.

"काय म्हणाला?" अब्बांनी विचारलं.

मदीहानं त्यांच्या कानाशी तोंड नेलं आणि मोठ्यानं सांगितलं, "आवडलं म्हणाला, अब्बा!"

अब्बा उठले, टोपी घातली आणि कोपऱ्यावरून जिलेबी घेऊन आले. शेजारीपाजारी वाटली. त्या दिवसापासून गल्लीतली माणसं मदीहाला विचारू लागली, "काय, पिक्चर कवा येतोय?"

चार दिवसांनी लेखी अभिप्राय आला. 'रश्मी आणि तिच्या बहिणीमधला संघर्ष प्रभावी आहे. चहाच्या मळ्याचं वातावरण छान उभं राहिलं आहे.' मदीहानं तो पुन्हा पुन्हा वाचला. तिच्या कथेत रश्मी नव्हती, बहीण नव्हती, चहाचा मळाही नव्हता. ती आधी हसली. मग तिची बोटं माझ्या बटणांवर आपटू लागली. तिनं तक्रार लिहिली. तिकडून उत्तर आलं, 'गैरसोयीबद्दल खेद आहे. शुल्क परत करता येत नाही. पुढच्या सादरीकरणावर आपल्याला खास सवलत देत आहोत.' रश्मी कुणी लिहिली होती, आणि त्या लिहिणाऱ्याला कुणाचा अभिप्राय गेला, कोण जाणे.

हे तिनं घरात कुणाला सांगितलं नाही. पण अब्बांच्या मनातून जिलेबीचा दिवस जात नव्हता. एका सकाळी ते माझ्यासमोर येऊन बसले आणि म्हणाले, "मला वाचायचंय. त्या साहेबाला आवडलं ते."

मदीहानं टाळाटाळ केली, पण ते हटले नाहीत. शेवटी तिनं माझ्या पडद्यावरची अक्षरं मोठी केली. अब्बा एकेका ओळीखाली बोट धरून वाचत गेले. शेवटच्या पानापर्यंत वाचलं. मग चष्मा काढून त्यांनी विचारलं, "यात मी कुठं हाय?"

मदीहानं मागं जाऊन ते पान काढलं. भिंत, खिडकी आणि फोटो. तिनं फोटोच्या ओळीवर बोट ठेवलं.

"बरंय," अब्बा म्हणाले आणि उठून शेडकडं गेले.

मदीहा मग माझ्यात पहिला खर्डा शोधू लागली. प्रत्येक कोपरा तिनं धुंडाळला. पण माझ्याजवळ तो नव्हता. पुतण्या, प्रेयसी आणि आग यांच्याखाली तो कधीच पुसला गेला होता. मग तिला आठवलं, सुरुवातीला तो त्या वेबसाइटला पाठवला होता. तिनं तिथं खातं उघडून पाहिलं. खर्डा होता. त्याचं नाव दिसत होतं, तारीख दिसत होती. उघडायला गेल्यावर मात्र एक चौकट आली: 'आपल्या सदस्यत्वाची मुदत संपली आहे. जुनं साहित्य पाहण्यासाठी नूतनीकरण करा.'

शादाबनं अब्बांना ते समजावून सांगितलं. ते म्हणाले, "आपलाच माल त्यांच्या गोदामात, आन् तो सोडवायला पुन्हा भाडं?"

"मी भरतो," शादाब बहिणीला म्हणाला. "एवढ्यासाठी रडू नकोस."

"नको, भाईजान. एकदा भरलं की ते पुन्हा काहीतरी दाखवतील आणि मी पुन्हा भरीन. मला ठाऊक आहे मी कशी आहे ते." एवढं बोलून तिनं माझं झाकण आपटलं. त्याच वेळी माझी बिजागरी मोडली.

मग मी पुन्हा कपाटावर गेलो, गोधड्यांच्या खाली. मदीहा ड्युटीवर जायची, यायची, जेवायची. कुणी पिक्चरचं विचारलं तर "चाललंय" म्हणायची. सारी थंडी मी तिथं काढली.

मला खाली काढलं ते अब्बांनी. त्यांना चार्जरसुद्धा नीट लावता येत नव्हता. त्यांनी मला धडपडत मदीहासमोर ठेवलं. बहिऱ्या माणसाला आपला आवाज कळत नाही, त्यामुळं ते सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडले, "लिही! मी सांगतो!"

"कुणासाठी लिहू, अब्बा?" तिनंही ओरडून विचारलं.

"मला वाचायचंय ना!"

तेव्हापासून सुट्टीच्या दिवशी ते सांगतात आणि ती लिहिते. पहिला लूम कुणाकडून घेतला, धागा तुटला की कानाच्या आधी बोटांना कसं कळायचं, आपल्याला ऐकू येईना हे त्यांनी खदीजाबींपासून किती दिवस लपवलं, हे तिला कुठं माहीत होतं? बरंच नवं आलं. पण पहिलं आलं नाही. लूम गेले त्या दिवसाचा प्रसंग तर येतच नाही. मदीहानं तो अनेकदा लिहिला आणि खोडला. शेवटी तिनं अब्बांना विचारलं, "त्या दिवसाचं सांगा ना."

अब्बा म्हणाले, "ते तू बघितलंस. मी न्हाय बघितलं. लूम नेत होते तेव्हा मी भिंतीकडं तोंड करून उभा होतो."

ते पान अजून कोरं आहे. कानाचं मशीनही अजून आलेलं नाही. माझ्यावर मात्र त्या वेबसाइटचे संदेश अधूनमधून येतात: 'मदीहा, तुमची कथा ऐकायला जग उत्सुक आहे!' मदीहा ते न वाचता पुसते.

मित्रांनो, मी जुनं यंत्र आहे, मला उपदेश करता येत नाही. पण तुम्ही मनापासून काही लिहिलंत, तर त्याची पहिली प्रत जपून ठेवा. लोकांच्या सांगण्यावरून बदल करा, पण ते दुसऱ्या प्रतीत करा. आणि कुणी आपलं लिहिलेलं विश्वासानं तुमच्या हाती दिलं, तर ते वाचा. वाचायचं नसेल, तर तसं तोंडावर सांगा. त्यानं माणूस दुखावेल, पण घरी जाऊन आपल्या बापाला भिंतीवर टांगणार नाही.